क्वार्ट्झ घड्याळाला सेलवर झुलणारा लंबक: एका अष्टकोनी घड्याळाचे प्रकरण

पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका चिरेबंदी घराच्या ओटीवर हे घड्याळ टांगलेले आहे. वर अष्टकोनी चौकट, तिच्यात बारा इंची तबकडी, खाली छोटी पेटी आणि पेटीला काचेचे दार. अमेरिकेतल्या कनेक्टिकटच्या कारखान्यांनी हा आकार रूढ केला, पुढे जपानी कारखान्यांनीही तो उचलला. आपल्याकडे शाळा, कचेऱ्या आणि जुनी घरे यांच्या भिंतींवर ही घड्याळे भरपूर होती. आठ दिवसांनी चावी द्यायची. तबकडीवरचे उजवे भोक वेळेच्या चावीचे, डावे टोल्यांच्या चावीचे.

या घड्याळातले मूळ यंत्र बऱ्याच वर्षांपूर्वी गेले. मुख्य स्प्रिंग तुटली, तुटताना तिने चाकाचे दातही मोडले. तेव्हा सोपा उपाय म्हणून तबकडीमागे क्वार्ट्झ मशीन बसवले गेले आणि पितळी यंत्र मोडीत निघाले. लाकडी पेटी, तबकडी, काटे, टोल्यांचा गाँग आणि लंबक एवढे घरात राहिले. लंबक पाठच्या फळीवर खिळ्याला अडकवलेला होता. घड्याळ वेळ बरोबर दाखवत होते, पण काचेतून दिसणारी पितळी चकती वर्षानुवर्षे जागच्या जागी होती.

घरातल्या आजोबांना ते खटकत होते. नातवाने ‘लंबक हलता करून देतो’ म्हणून काम हाती घेतले. गावातल्या घड्याळजींनी त्याला मदत केली. खालचा सगळा तपशील या दोघांनी केलेल्या कामाचा आहे.

नेमके काय हवे होते

सुरुवातीला मागणी एकाच वाक्याची होती: लंबक हलला पाहिजे. चर्चेत तिच्या पाच अटी झाल्या. चालू असलेली वेळ बिघडू नये. बाहेरून दिसणाऱ्या लाकडाला आणि तबकडीला नवे भोक पडू नये. पुढेमागे जुने यंत्र मिळालेच, तर ते मूळ जागी बसवता यावे. सेल बदलायला तबकडी काढावी लागू नये. आणि चकती जुनीच राहावी.

यातली पाचवी अट सोडून द्यावी लागली. तिचे कारण पुढे येईल, पण त्या कारणात या कामाचे सगळे मर्म आहे.

खऱ्या लंबकाच्या घड्याळात लंबक मालक असतो. क्रिस्तियान हायगेन्स याने १६५६ मध्ये लंबक घड्याळाला जोडला तेव्हापासून चाकांची गती लंबकाच्या हेलकाव्यावर बांधलेली आहे. चकती थोडी वर घेतली की घड्याळ पुढे जाते, खाली सोडली की मागे पडते. स्कॉटलंडच्या अलेक्झांडर बेन याने १८४० च्या दशकात विजेवर चालणारी घड्याळे केली. त्यांतही वीज फक्त लंबकाला ढकलत होती, वेळ लंबकच ठरवत होता. क्वार्ट्झमध्ये हे नाते उरत नाही. तिथे वेळ ठरवतो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा स्फटिक. त्या आकड्याला पंधरा वेळा निम्मे केले की सेकंदाला एक ठोका उरतो आणि तो छोट्या मोटरला मिळतो. अशा घड्याळात बसवलेला लंबक वेळेला काहीच देत नाही, फक्त सेल खातो. तो मालक नाही, ओझे आहे. पहिल्या तिन्ही प्रयत्नांत जे चुकले, ते बरेचसे त्याला मालकासारखे वागवल्यामुळे चुकले.

लंबक झुलवणारी यंत्रणा कशी चालते

बाजारात मिळणाऱ्या अशा बहुतेक यंत्रणांची रचना सारखीच असते. प्लास्टिकची एक छोटी झूल धारदार टेकूवर बसलेली असते, तिच्यात चुंबक असते आणि तिच्या आकड्याला लंबकाची दांडी अडकवतात. चुंबकाच्या वाटेत बारीक तारेची कॉइल असते. चुंबक जवळून सरकले की कॉइलमध्ये किंचित व्होल्टेज तयार होते. सर्किट ते ओळखते आणि त्याच क्षणी कॉइलमधून सेलचा एक छोटा धक्का सोडते. प्रत्येक हेलकाव्यात टेकूच्या घर्षणाने आणि हवेने जेवढे खाल्ले, तेवढे हा धक्का भरून काढतो.

यातली मेख अशी की धक्का मिळायला चुंबकाला पुरेसा वेग असावा लागतो. झोका लहान झाला की वेग कमी, वेग कमी की व्होल्टेज कमी, आणि ते एका पातळीच्या खाली गेले की सर्किटला लंबक आल्याचे कळतच नाही. म्हणून असा लंबक अर्धवट झोक्यावर फार काळ रेंगाळत नाही. एक तर नीट झुलतो, नाही तर काही वेळात थांबतो.

समोर असलेले पर्याय

जुने यंत्र शोधून बसवणे हा सर्वांत प्रामाणिक पर्याय होता. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात आठ दिवसांची सुटी यंत्रे अधूनमधून मिळतात. पण यंत्र नुसते चालू असून भागत नाही. चावीचे दोन्ही दांडे तबकडीवरच्या भोकांशी जुळले पाहिजेत, काट्यांचा दांडा नेमका मध्यावर आला पाहिजे, त्याची लांबी पेटीच्या खोलीला पुरली पाहिजे. तसे जुळणारे यंत्र हाती नव्हते, म्हणून दार उघडे ठेवून हा पर्याय बाजूला ठेवला.

दुसरा पर्याय लंबकासकटच्या एकत्र क्वार्ट्झ मशीनचा. घड्याळाच्या सुट्या भागांच्या दुकानात हे सहज मिळते: वर वेळेचे मशीन, खाली लंबकाची झूल, दोघांना मिळून एकच पेन्सिल सेल.

तिसरा, वेगळे लंबक युनिट. त्यात वेळेचा भागच नसतो आणि सेल स्वतंत्र असतो. आपल्याकडच्या दुकानांत ते क्वचितच सापडते. जुन्या प्लास्टिकच्या लंबकवाल्या घड्याळातून काढता येते, पण त्याची स्थिती आधी कळत नाही.

चौथा, हाताने कॉइल गुंडाळून सर्किट करणे. एकाच फिरकीवर दोन तारा एकत्र गुंडाळायच्या, एक ओळखायला आणि एक ढकलायला, मध्ये एक एनपीएन ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेने उघडझाप होणारी छोटी कळ. हे काम होते आणि शिकायला उत्तम आहे. अडचण व्होल्टेजची येते. सिलिकॉन ट्रान्झिस्टर उघडायला सुमारे ०.६ व्होल्ट लागतात, आणि हाताने गुंडाळलेल्या कॉइलमध्ये संथ झुलणाऱ्या चुंबकाने तेवढे मिळवायला वेढे हजारांत लागतात. आजोबांच्या घड्याळावर हा प्रयोग करायचा नाही असे ठरले, आणि ते योग्यच होते.

निवड झाली दुसऱ्या पर्यायाची. मशीन स्वस्त, मिळायला सोपे, चांगले. निर्णय मोजमापाच्या आधी झाला ही मात्र पहिली चूक.

पहिला प्रयत्न: मशीन तबकडीमागे

खरेदीपूर्वी दोनच मापे घेतली होती: तबकडीची जाडी (मशीनच्या दांड्यासाठी) आणि तबकडीच्या मध्यापासून काचेच्या मध्यापर्यंतचे अंतर, २७ सेंमी. म्हणजे घड्याळाकडे फक्त समोरून पाहिले होते. बाजूने कोणी पाहिले नाही.

या घाटाच्या घड्याळात वरची अष्टकोनी चौकट खोल असते आणि खालची पेटी उथळ. इथे पाठच्या फळीपासून तबकडी १० सेंमी पुढे होती, पण खालच्या दाराची आतली बाजू फक्त ५.५ सेंमी पुढे. मशीन तबकडीला मागून चिकटल्यावर त्याची झूल फळीपासून ७.५ सेंमीवर आली. तिथून दांडी सरळ खाली सोडली तर चकती दाराच्याही २ सेंमी बाहेर येणार. जुन्या यंत्रात हा प्रश्न आलाच नव्हता, कारण ते तबकडीला लावलेले नव्हते. ते पाठच्या फळीवर बसलेले होते, आणि त्यामुळे लंबकही फळीजवळून लटकत होता.

उपाय म्हणून दांडीला गुडघा दिला, म्हणजे दोन ठिकाणी वाकवून ती साडेचार सेंमी मागे नेली. कागदावर हे जमते. पण लटकणाऱ्या वस्तूचे वजन शेवटी टेकूच्या बरोबर खाली येऊनच थांबते. दांडी मागे वाकवली की झूल पुढे कलते आणि चकती पुन्हा मूळ जागी येते. इथे झूल सुमारे ११ अंश कलली, चुंबक कॉइलच्या डबीला घासू लागले आणि लंबक दहा मिनिटांत थांबला. पुढेमागे सरकवायचा लंबक दांडी वाकवून सरकत नाही, त्याचा टेकूच सरकवावा लागतो. नव्याने हे काम करणारे बहुतेक जण इथे एक संध्याकाळ घालवतात.

निर्णयाचा टप्पा: नवे युनिट की हेच मशीन

आता वेगळे लंबक युनिट शोधायचे ठरत होते. घड्याळजींनी वेगळी वाट सुचवली: ‘आहे तेच मशीन काटे न लावता मागे बसवा, वेळेला जुने क्वार्ट्झ राहू दे.’ म्हणजे एकत्र मशीनचा उपयोग फक्त लंबकासाठी. वेळेचा भाग आत चालत राहील, पण त्याला काटेच नसतील.

यात एक तोटा आहे, तो वेळेचा भाग सेलचा थोडा वाटा फुकट खातो. फायदे मात्र जास्त होते. वेळेचे मशीन आणि लंबक यांचे सेल वेगळे झाले. एकत्र मशीनमध्ये लंबकाने सेल संपवला की घड्याळही बंद पडते. इथे लंबक थांबला तरी वेळ चालू राहणार. शिवाय मशीनच्या दांड्याला ८ मिमीचे आटे आणि नट असतोच, त्यामुळे ते फळीवर पक्के करायला वेगळी पकड लागत नाही.

दुसरा प्रयत्न: टेकू मागे, चकती जुनी

३ मिमी प्लायवूडची १२ बाय ९ सेंमीची एक पट्टी घेतली. तिला ८ मिमीपेक्षा किंचित मोठे भोक पाडून मशीन मागच्या बाजूने नटने कसले. पट्टीच्या दोन्ही टोकांना सागाचे ५ सेंमी उंचीचे ठोकळे लावले आणि ठोकळे पाठच्या फळीवर बसवले. फळीला जुन्या यंत्राच्या स्क्रूंची चार भोके होतीच, तीच वापरली. नवे भोक एकही पाडले नाही. झूल आता फळीपासून अडीच सेंमीवर आली: मागे अडीच सेंमी मोकळे, पुढे दारापर्यंत तीन. मशीनचा पुढे आलेला दांडा आणि तबकडीमागच्या क्वार्ट्झची पाठ यांच्यात एक सेंमी राहिले.

टेकूची उंची चकतीवरून ठरवली. चकतीचा मध्य काचेच्या मध्यावर हवा आणि दांडी २३ सेंमी, म्हणून टेकू तबकडीच्या मध्यापासून ४ सेंमी खाली. झूल मशीनच्या दांड्यापासून साडेपाच सेंमी खाली असल्याने मशीनचा दांडा तबकडीच्या मध्याच्या दीड सेंमी वर गेला.

आकड्याला जुना लंबक लावला. लाकडी दांडी, खाली पितळी मुखाची चकती. झोका तीन सेंमीचा दिला, पंचवीस मिनिटांत तो एक सेंमीवर आला आणि पाऊण तासात थांबला. सेल नवा होता. दुसऱ्यांदाही तेच झाले. मग चकती स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली: १४० ग्रॅम. पितळ वरवरचे होते, आत शिसे भरलेले.

खऱ्या घड्याळात हे वजन गुण असतो. जड चकती हवेच्या झुळकीला आणि यंत्राच्या बारीकसारीक चुकांना दाद देत नाही, म्हणून वेळ स्थिर राहते. पण त्या लंबकामागे कसलेली स्प्रिंग असते आणि तो लवचिक पोलादी पट्टीवर लटकतो. इथे टेकू प्लास्टिकचा आणि ढकलणारा पेन्सिल सेल. १४० ग्रॅमखाली प्लास्टिकची धार दबते, घर्षण वाढते, झोका कमी होतो, आणि वर सांगितलेली साखळी सुरू होते. मशीनसोबतच्या पत्रकात लंबकाची मर्यादा ३० ग्रॅम दिलेली होती. ते पत्रक खोक्यातच राहिले होते.

निर्णयाचा टप्पा: चकतीचे काय करायचे

आजोबांना जुनी चकती सोडायची नव्हती. आतले शिसे वितळवून काढून फक्त पितळी मुख वापरावे, असा विचार पुढे आला. शिसे ३२७ अंश सेल्सियसला वितळते, ते घरगुती शेगडीवरही होईल. पण शिशाची वाफ आणि राख विषारी असते, शिवाय पितळेच्या कडा शिशावर दुमडून बसवलेल्या असल्याने त्या उघडताना चकती फाटण्याची शक्यता मोठी होती. पुढे कधी जुने यंत्र मिळाले तर हीच जड चकती लागणार होती. या कारणांनी ती जशी आहे तशी जपायची आणि हलकी नवी करायची, असे ठरले. संपूर्ण कामातला हा सर्वांत चांगला निर्णय होता.

नवी चकती ०.३ मिमी जाडीच्या पितळी पत्र्यातून कापली. व्यास ५० मिमी, म्हणजे वजन सुमारे ५ ग्रॅम. मूळ चकती ६२ मिमीची होती. तीच मोठी ठेवली असती तर झोक्याच्या टोकाला तिची कड काचेच्या चौकटीआड गेली असती. काच ११ सेंमी रुंद आहे. २३ सेंमीची दांडी दोन्हीकडे सात अंश झुलली की चकतीचा मध्य २.८ सेंमी सरकतो. त्यात अडीच सेंमी त्रिज्या मिळवली की ५.३ होतात, आणि चौकट साडेपाचवर आहे. चकती कडेपर्यंत येते, लपत नाही.

कापलेल्या कडा बारीक कानशीने घासल्या. लाकडी ठोकळ्यात खळगा कोरून त्यात चकती ठेवली आणि लाकडी हातोड्याने मध्यापासून कडेकडे हलके ठोकत तिला फुगवटा दिला. सपाट चकती काचेआड पत्र्याच्या तुकड्यासारखी दिसते, फुगवटा दिला की उजेड धरते. चिंचेने घासून, धुऊन, पूर्ण कोरडी करून लॅकरचा एक हात दिला. कोकणच्या दमट, खाऱ्या हवेत उघडे पितळ एका पावसाळ्यात काळे पडते.

दांडी २ मिमी जाडीच्या पितळी तारेची केली, वजन सहा ग्रॅम. वरच्या टोकाला आकड्यासाठी वळण दिले. हे वळण दांडीच्या रेषेशी अगदी काटकोनात हवे. तिरपे राहिले तर चकती झुलता झुलता स्वतःभोवती डोलते आणि लांबूनही ते डोळ्याला खुपते. चकतीच्या पाठीमागे दांडी डाग देऊन जोडली. लोखंडी तार वापरण्याचा मोह टाळायला हवा, चुंबक तिला ओढत राहते.

तिसरा प्रयत्न: झोका एकीकडे जास्त

अकरा ग्रॅमचा लंबक लगेच झुलला, पण डावीकडे तीन सेंमी आणि उजवीकडे जेमतेम दोन. तीन तासांनी थांबला. पहिला संशय घड्याळ तिरके असल्याचा आला, आणि चिऱ्याच्या भिंतीवर ते साहजिक होते. पाठच्या फळीवर दोऱ्याला छोटा नट बांधून ओळंबा सोडला. घड्याळ खरोखर थोडे तिरके होते. ते सरळ केले तरी थांबलेला लंबक ओळंब्यापासून ४ मिमी डावीकडेच उभा राहिला. म्हणजे त्याला काहीतरी ओढत होते.

शोधण्याची रीत सोपी निघाली. दोऱ्याला एक छोटे चुंबक बांधून फळीवरून सावकाश फिरवले. एका जागी ते झटकन वळले. तिथे टोल्यांच्या गाँगची ओतीव लोखंडाची बैठक होती, झुलीच्या चुंबकापासून तीन सेंमीवर. टोल्यांचे यंत्र जाऊन वर्षे झाली होती, गाँग मात्र तिथेच होता. त्याशिवाय ठोकळ्यांना लावलेले स्क्रूही लोखंडी निघाले.

गाँगचे दोन स्क्रू काढून तो उतरवला. ठोकळ्यांना पितळी स्क्रू लावले. पुन्हा ओळंबा पाहिला: थांबलेली दांडी आणि दोरा एका रेषेत. चुंबक कॉइलच्या बरोबर मध्यावर असले की दोन्हीकडचा धक्का सारखा पडतो. या घड्याळात सरळ टांगण्याचे कारण तेवढेच आहे. जुन्या घड्याळात कान देऊन टिकटिक सम आहे का ते पाहायचे, इथे डोळ्याने पाहायचे. घड्याळ भिंतीवर सरकू नये म्हणून पेटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांमागे रबराचे तुकडे चिकटवले.

यानंतर लंबक झुलत राहिला.

सेलची सोय

मशीनचा सेल आता तबकडीमागे अडकला होता, तो बदलायला तबकडीचे स्क्रू काढावे लागले असते. मशीनमध्ये डाग देऊन तारा काढण्यापेक्षा लाकडी सेल करणे बरे. १४ मिमी जाड, ५० मिमी लांब गोल काठी घ्यायची, दोन्ही टोकांना पितळी स्क्रू बसवायचे, त्यांना तारा गुंडाळून कसायच्या आणि ही काठी सेलच्या जागी सरकवायची. तारा फळीला चिकटवत खालच्या पेटीत आणल्या आणि तिथे सेलचा होल्डर बसवला. दार उघडले की सेल समोर. गळालेल्या सेलचे पाणीही आता मशीनपर्यंत पोहोचणार नाही. लाल तार धन बाजूची, काठीच्या त्या टोकावर ‘+’ खूण. उलटा जोडला की लंबक झुलत नाही आणि दोष कुठे ते लवकर उमजत नाही.

वीज किती खातो ते मोजताना एक अडचण येते. प्रवाह धक्क्याधक्क्याने जातो, त्यामुळे मल्टिमीटरचा आकडा एकसारखा उड्या मारतो. त्यावर उपाय असा: मशीनला समांतर मोठा कपॅसिटर (वीज साठवून सावकाश सोडणारा भाग) लावायचा, सेलच्या वाटेत १०० ओहमचा रेझिस्टर घालायचा आणि रेझिस्टरच्या दोन टोकांमधले व्होल्टेज वाचायचे. इथे ते ४० मिलिव्होल्टच्या आसपास स्थिरावले, म्हणजे ०.४ मिलिअँपियर. अल्कलाइन पेन्सिल सेल अशा हळू वापराला साधारण २५०० मिलिअँपियर-तास देतो. भागाकार केला की सहा हजारांवर तास, म्हणजे साडेआठ महिने. तसेच झाले, पहिला सेल नवव्या महिन्यात संपला.

मग होल्डर मोठ्या टॉर्चच्या सेलचा केला, म्हणजे ‘डी’ मापाचा. त्याचा व्यास ३४ मिमी आहे. पेटीची खोली साडेपाच सेंमी असल्याने तो चकतीच्या खाली तळाशी मावतो. हिशेबाने तो तीन वर्षे पुरावा, पण कोकणात सेल तेवढे दिवस ठेवू नये. दर दोन वर्षांनी, चालू असला तरी बदलायचा, असे ठरवले. रिचार्जेबल सेल इथे वापरू नये. त्याचे सहसा १.२ व्होल्ट असतात आणि धक्का सुरुवातीपासूनच मवाळ मिळतो.

परिणाम

मापे घेतली तेव्हा लंबक मिनिटाला ६८ पूर्ण हेलकावे घेत होता, म्हणजे एक हेलकावा ०.८८ सेकंदाचा. शाळेतले सूत्र २३ सेंमीला ०.९६ सेकंद सांगते. फरक पडतो कारण सूत्र सगळे वजन टोकाला धरते, आणि इथे दांडी चकतीपेक्षा जड आहे, शिवाय वर झुलीतल्या चुंबकाचेही वजन आहे. वेळेशी याचा संबंध नसल्याने दुरुस्तीची गरज नव्हती. मात्र तबकडीवर सेकंद काटा असता तर एकीकडे सेकंदाचा ठोका आणि खाली ०.८८ चा झोका, हा विसंवाद डोळ्याला सतत टोचला असता. या तबकडीवर सेकंद काटा नाही, ते बरे झाले. ज्यांच्याकडे आहे त्यांनी तो काढावा किंवा सरकत्या सेकंदाचे मशीन घ्यावे.

पहिल्या वर्षात लंबक दोनदा थांबला. एकदा सेल संपून, एकदा गणपतीआधीच्या रंगकामात घड्याळ उतरवून पुन्हा लावल्यावर ओळंबा न पाहिल्याने. सगळा खर्च हजार रुपयांच्या आत राहिला.

घरात एक रास्त प्रश्न निघाला: ही फसवणूक नाही का? घरात पाहणाऱ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे नाही. घड्याळ पुढे कोणाच्या हाती गेले तर मात्र होईल. म्हणून दाराच्या आतल्या बाजूला तारखेसह चिठ्ठी लावली आहे: ‘वेळ क्वार्ट्झ मशीनवर, लंबक शोभेचा, वेगळ्या सेलवर.’ जुन्या वस्तूवर केलेल्या प्रत्येक कामासोबत अशी चिठ्ठी असावी, असा आग्रह धरायला हवा.

पुन्हा करायचे झाले तर

खरेदीच्या आधी पेटीचा बाजूने छेद कागदावर काढला पाहिजे: फळी, तबकडी, दार आणि लंबकाची पातळी, चार रेघा. पहिला प्रयत्न त्या चार रेघांत वाचला असता. लंबकाचे वजनही आधीच काट्यावर करायचे आणि ते पत्रकातल्या मर्यादेच्या निम्म्यात ठेवायचे, कारण ती मर्यादा नवा सेल आणि नेमकी सरळ टांगणी धरून दिलेली असते.

मशीन, पट्टी आणि लंबक आधी टेबलावर दोन पुस्तकांच्या थप्प्यांमध्ये बसवून चोवीस तास झुलवून पाहायला हवे होते. तिथे झुलले आणि पेटीत थांबले, तर दोष पेटीत आहे हे लगेच कळते. गाँगचा शोध मग तीन दिवसांऐवजी तासाभरात लागला असता.

वेगळे लंबक युनिट मिळाले तर तेच घ्यावे. काट्यांविना चालणाऱ्या वेळेच्या भागाला ०.१ मिलिअँपियरच्या आसपास जातात, म्हणजे एकूण वापराचा पाव हिस्सा. मोठ्या सेलवर तो निभतो, पेन्सिल सेलवर जाणवतो.

जुनी चकती, लाकडी दांडी, गाँग, त्याचे स्क्रू आणि फळीवरचा खिळा एका कापडी पिशवीत बांधून कपाटात ठेवले आहेत. पिशवीवर घड्याळाचे चित्र आणि प्रत्येक वस्तूची जागा लिहिली आहे. सोयीचे वाटले तरी ती घड्याळाच्या पेटीत ठेवायची नाही. गाँगची बैठक लोखंडी आहे आणि झुलीतले चुंबक तिथून एका वितीवर आहे.